दोन डाव्या बाह्या

रॅकेट मला अस्तराच्या ठाणात सापडली. गिऱ्हाईक समोर बसलेलं. मी काळं अस्तर दाखवायला ठाण टेबलावर सोडलं, दोन-तीन वेढे निघाले आणि आतून बॅडमिंटनची रॅकेट बाहेर आली. गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहिलं. "ठाण वाकू नये म्हणून घालतो आत," मी म्हटलं आणि ती होती तशी परत गुंडाळून ठेवली. आयुष्य शिंप्याच्या दुकानात गेलं की थाप मारताना जीभ अडखळत नाही.

रॅकेट भिंगरीची. भिंगरी म्हणजे माझी भाची, वय बारा, एका जागी उभी राहिलेली मी तिला फक्त फोटोत पाहिली आहे, तीही अंधूक. तिच्या मनगटाला म्हणे लचक भरली होती. सकाळी डावं मनगट दुखायचं, संध्याकाळी उजवं, आणि लक्षात राहिलं नाही की कुठलंच नाही. त्यात रॅकेटही 'हरवली'. तिचा बाप घर पालथं घालत होता. कपाटं झाली, माळा झाला, शेजारच्या मुलांवर संशय घेऊन झाला. अस्तराच्या ठाणाला तो कधी हात लावत नाही, ते माझं खातं, हे पोरीला बरोबर ठाऊक होतं. डोकं आहे तिला. कोणाकडून आलं ते विचारू नका, बापाकडून तर नक्की नाही.

तिचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ. सगळा रस्ता त्याला मास्तर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. मास्तर उत्तम शिंपी आहे, हे मी बहीण म्हणून सांगत नाही, त्याच्या चुका तुरपाईत लपवणारी बाई म्हणून सांगते. गळ्यात टेप चोवीस तास. जेवताना टेप, झोपताना टेप. त्याच्या लग्नाच्या फोटोतही टेप आहे, आणि शेजारी बायको हसू दाबून उभी. ती एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. दिवसभर तीही सुया टोचते, तोही टोचतो, त्यामुळे घरी आल्यावर एकमेकांना टोचायचं त्राण कोणात उरत नाही. संसार चांगला चाललाय.

बोलणं हा मास्तरचा दुसरा धंदा, आणि पहिल्यापेक्षा जोरात चालणारा. पँटची उंची घेताना तो गिऱ्हाइकाला मुलांची शाळा, गुडघेदुखी आणि जगाचं राजकारण एका दमात समजावून देतो. फक्त दोन वेळा त्याचं तोंड बंद असतं. एक, कटिंगच्या वेळी. कात्री कापडाला लागली की दुकानात श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पंखा बंद, रेडिओ बंद, माझं मशीन बंद. एकदा मला शिंक आली, तर त्याने कात्री खाली ठेवून माझ्याकडे असं बघितलं की दुसरी शिंक मी गिळून टाकली. "हातालाही कान असतात," तो म्हणतो. "कोणी बोललं की हात तिकडे ऐकायला जातो."

दुसरी वेळ ट्रायलची. तेव्हा त्याच्या तोंडात टाचण्या असतात. ओठ मिटलेले, चेहरा कोरा. कोट शोभतोय की नाही, गिऱ्हाइकाचं पोट सुटलंय की आत गेलंय, त्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. वहिनी म्हणते, तिचं खरं प्रेम त्याच्यावर ट्रायलच्या वेळीच असतं.

तर अशा माणसाच्या पोटी ही भिंगरी. समोर बेकरीच्या वर तिची मैत्रीण राहते. भिंगरीपेक्षा डोकंभर उंच, म्हणून तिला लांबी म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. दोघी रस्त्यात बॅडमिंटन खेळायच्या. जाळी नाही, रेषा नाही, पॉइंट मोजायची भानगड नाही. नियम एकच, जी आधी हसेल ती हरली. दोघीही रोज हरायच्या. शटल आमच्या दुकानाच्या पत्र्यावर जाऊन बसायचं आणि मग माझी पडद्याची काठी घेऊन दोघी ते खाली पाडायच्या. पडदा मात्र मी आठवडाभर हाताने ओढायची.

पलीकडच्या हॉलमध्ये बॅडमिंटन शिकवणाऱ्या मॅडम एकदा ट्रॅकपँटची उंची कमी करून घ्यायला आल्या. बाई कमी बोलणारी. मास्तर त्यांना बॅडमिंटन या विषयावर माहिती देत होता, आणि त्या दारातून बाहेर बघत होत्या. निघताना म्हणाल्या, "या दोघींना पाठवा हॉलवर. त्या लहानीचे पाय बघा, आधी पाय हसतात मग ती." मास्तरला पायांचं काही कळलं नाही, पण पोर बघून कोणीतरी थांबलं एवढं कळलं. तेवढं त्याला पुरलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. भिंगरी उड्या मारत जायची, उड्या मारत यायची. मग तिने एक कप जिंकला. कप कसला, त्यात माझं बोटावरचं अंगुस्तान बसलं नसतं. पण मास्तरने तो काचेच्या खिडकीत सूट घातलेल्या पुतळ्याच्या हातात अडकवला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायला लागलं की पुतळाच बॅडमिंटन जिंकला. त्या कपाने घात केला बघा. त्या दिवसापासून मास्तर शिंपी कमी आणि खेळाडूचा बाप जास्त झाला.

आधी त्याने तिला ट्रॅकसूट शिवला. फिटिंग अप्रतिम, नाही म्हणत नाही. पाठीवर सोनेरी दोऱ्यात 'चॅम्पियन' असं भरून टाकलं. पोरगी दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत हरली आणि बाकी मुलींनी "चॅम्पियन, पाणी आण" सुरू केलं. तिने तो ट्रॅकसूट मला उसवायला दिला. मी अक्षरं उसवली, पण कापडावर खुणा राहिल्या. उन्हात धरलं की वाचता येतं.

मग गॅलरी. हॉलच्या वरच्या गॅलरीत पालक बसतात. बाकीचे आईबाप मोबाईल बघतात, जांभया देतात, दुसऱ्यांच्या मुलांना नावं ठेवतात. आमचा मास्तर कठड्यावर ओणवा. आणि बॅडमिंटनचे शब्द त्याला येतात कुठे? म्हणून शिंपीकामाचे वापरायचा. "माप घे तिचं, माप घे. उसव, उसव तिला. कोपरा काप. अगं सैल सोडू नकोस, ताण." पंचांना कळेना की हा माणूस खेळाडूला सांगतोय की गॅलरीत कोणाची ट्रायल घेतोय. शटल जमिनीला लागायच्या आत हा "आऊट" म्हणून मोकळा. एकदा पंचांनी खेळ थांबवून वर बघितलं आणि विचारलं, "निकाल आपण देणार का?" दुसरा कोणी असता तर लाजला असता. मास्तर म्हणाला, "नको, तुम्ही बसलाच आहात तर द्या."

मॅडमनी नोटीस लावली, पालकांनी फक्त टाळ्या वाजवाव्यात. मला वाटलं सुटलो. पण हा माझा भाऊ आहे. त्याने टाळ्यांची भाषा काढली. एक टाळी म्हणजे शटल जाळीजवळ टाक, दोन टाळ्या म्हणजे मागे मार, लागोपाठ बऱ्याच टाळ्या म्हणजे हाण. भिंगरीला हे आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि पाण्याचे ग्लास मांडून शिकवलं. मॅचमध्ये झालं असं की तिने एक सुरेख पॉइंट घेतला, सगळ्या हॉलने कडकडून टाळ्या वाजवल्या, आणि पोरगी त्या ऐकून पुढची सर्व्हिस अशी हाणून बसली की शटल थेट पंचांच्या चहात. मॅडमनी मास्तरला पुढच्या वेळी हात मांडीखाली घेऊन बसायला सांगितलं. त्याने पायांनी ताल धरला.

घरची तऱ्हा वेगळीच. भिंगरी जिंकली की दुकानात येईल त्याला चहा, पुतळ्याला नवा टाय, मास्तर शीळ घालतोय. हरली की मास्तर गादीवर आडवा, टेप डोळ्यांवर. तो रागावत नसे, तेच तर वाईट. रागावला असता तर पोरीने दार आपटून फिटंफाट केली असती. तो दुःखी व्हायचा. बारा वर्षांची पोर बापाला पाणी नेऊन द्यायची आणि म्हणायची, "बाबा, पुढच्या वेळी जिंकते हं." म्हणजे सामना हिने खेळायचा, हरायचं हिने, आणि सांत्वन त्याचं करायचं. मला हे बघवत नव्हतं, आणि मी तसं मोठ्याने बोलले की तो म्हणायचा, "तुला खेळातलं काही कळत नाही." जसं काही याला कळत होतं.

वर आणखी एक फर्मान. स्पर्धा जवळ आली की लांबीबरोबर बसून बिस्किटं खायची नाहीत. "उद्या तिच्याशीच खेळायचंय. आज तिच्या पुड्यातलं बिस्कीट खाल्लंस की उद्या हात मऊ पडेल." लांबी बिचारी बेकरीच्या जिन्यात पुडा घेऊन बसायची, आणि भिंगरी आमच्या खिडकीत पुतळ्यामागे उभी राहून तिला हात हलवायची.

या सगळ्यात मी एक गोष्ट पाहिली, ती सांगते. पॉइंट संपला, जिंकलेला असो की गेलेला, की भिंगरीची मान वर. प्रत्येक वेळी. गॅलरीत बापाचा चेहरा कसा आहे ते आधी बघायचं आणि मगच शटल उचलायचं. पूर्वी पाय हसायचे म्हणे. आता मान दुखेल अशी वर बघत होती पोर.

तर रॅकेट अस्तरात सापडली त्या संध्याकाळी मास्तर बटणं आणायला गेल्यावर मी हाक मारली. भिंगरी कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांत बसली होती. लहानपणापासूनची तिची जागा. मीही गुडघे कुरकुरवत खाली गेले.

"मनगट कसं आहे?" मी विचारलं.

"कुठलं?" ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं, आणि हसता हसता रडू. मी एक चिंधी दिली. पॉपलिनची होती, मऊ.

"आत्या, मला नाही खेळायचं आता. रविवारच्या स्पर्धेतून नाव काढ म्हणून तूच मॅडमना सांग."

"खेळ आवडत नाही का आता?"

तिने बराच वेळ चिंधीची दशी ओढली. "शटल वर असतं ना, तोपर्यंत आवडतं. खाली पडलं की बाबा दिसतात."

मी तिच्या केसांत अडकलेले दोरे वेचले. मग एवढंच म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. मी बघते काय ते." रॅकेटचं मी कोणाला सांगणार नाही, असं वचनही देऊन टाकलं.

मास्तर आला तसा मी तोफखाना सुरू केला. "पोरीचा खेळ सुटायला आलाय आणि तो तुझ्यामुळे," मी म्हटलं.

"माझ्यामुळे?" तो खरंच चकित झाला. "अगं मी काय करतो? मी नुसतं प्रोत्साहन देतो. आपल्याला दिलं होतं का कोणी? मी पहिला सदरा शिवला तेव्हा कोणी टाळी तरी वाजवली?" बोलता बोलता त्याचा आवाज जरा ओला झाला. मला त्याची दयाही आली. पण दया आली म्हणून मी काही सोडून देणारी बाई नाही. माझ्या डोक्यात तेव्हाच किडा वळवळला.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा कोट कापायचा होता. कापड त्यांच्या जावयाने कुठून तरी लांबून आणलेलं, लोकरी, मोठ्या चौकड्यांचं, आणि एका कोटापुरतंच. चौकड्याचं कापड दुमडून कापत नाहीत, चौकडे जुळत नाहीत. एकेरी पसरायचं, एक बाही कापायची, मग पुठ्ठ्याचा नमुना उलटा करून दुसरी कापायची. उलटा करायचा राहिला की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. शिकाऊ माणसाची चूक. मास्तरने ती कधी केली नव्हती, आणि ज्यांनी केली त्यांच्या गोष्टी तो चवीने सांगायचा.

शाळा सुटल्यावर भिंगरी दुकानात आली. मी तिला कानात सांगितलं, "बाबा कटिंगला बसतायत. त्यांनाही जरा प्रोत्साहन दे. त्यांच्याच पद्धतीने." आधी तिचे डोळे मोठे झाले. मग त्यांत जी चमक आली, ती मी वर्षभरात पाहिली नव्हती.

पंखा बंद झाला, रेडिओ बंद झाला. मास्तरने खडूच्या रेघा मारल्या, पहिली बाही सुरेख कापली आणि नमुना उचलला. तेवढ्यात टेबलाच्या कडेला कोपरं टेकून भिंगरी म्हणाली, "शाब्बास बाबा. आता घाई नको. मागच्या कोटाला काय झालं होतं आठवा."

मास्तरची कात्री हवेत थांबली. "काय झालं होतं?"

"काही नाही, तुम्ही खेळा. म्हणजे कापा. खांदा सैल सोडा, सैल. इकडे तिकडे बघू नका. अहो बाबा, लक्ष कुठे आहे?"

"अगं गप्प बस जरा."

"मी नुसतं प्रोत्साहन देतेय." तिने एक टाळी वाजवली. मास्तरने कात्री लावली. तिने दोन टाळ्या वाजवल्या. आता मलाही राहवेना. मी मशीनवरून म्हटलं, "डॉक्टरांच्या हातात पक्कड असते हं मास्तर, चुकायचं नाही. सगळा रस्ता बघतोय." सगळा रस्ता खरंच बघत होता, कारण टाळ्या ऐकून लांबी जिन्यातून उतरून दारात येऊन उभी होती आणि तिच्यामागे बेकरीवाला.

"ताण, बाबा, ताण. कोपरा सांभाळा. गेला, गेला, गेला," भिंगरी म्हणाली, आणि शेवटी डोक्याला हात लावून कळवळली, "अरेरे, हे तर घरी किती वेळा शिकवलं होतं."

मास्तरने कापलेला तुकडा उचलला, पहिल्या बाहीवर ठेवला. मग दुसऱ्या अंगाने ठेवला. मग पुन्हा पहिल्या. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

भिंगरीचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, आता काही खरं नाही. मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. कापड फार चांगलं होतं. मास्तर स्टुलावर बसला आणि दोन हातांत दोन बाह्या घेऊन बघत राहिला. त्याने टेप डोळ्यांवर घेतली नाही. शेवटी मान वर न करताच त्याने विचारलं, "मी असं करतो?"

भिंगरी टेबलाच्या पलीकडून म्हणाली, "नाही बाबा. तुम्ही याच्यापेक्षा मोठ्याने करता."

बेकरीवाल्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मास्तरने बाह्या नीट घडी घालून ठेवल्या. "हात तिकडे ऐकायला गेला," तो स्वतःशीच म्हणाला. त्या दिवशी त्याने आणखी काही कापलं नाही. गिऱ्हाइकांशी बोललाही नाही, म्हणून दोन गिऱ्हाइकं त्याची तब्येत विचारून गेली.

डॉक्टरांना उरलेल्या कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून दिलं. मास्तरने त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, बाह्या माझ्या हातून बिघडल्या. थापा मारायचं खातं माझं, तरी त्याने मला बोलू दिलं नाही. डॉक्टरांनी आरशात दोन्ही हात वर-खाली करून पाहिले, हवेतल्या हवेत एक दात उपटला आणि म्हणाले, "अहो, कामाला हेच सोयीचं. जावयाला मात्र सांगू नका." आम्ही सुटलो.

शनिवारी सकाळी भिंगरीने स्वतः ठाण उलगडून रॅकेट काढली. मास्तर बघत होता. अस्तरातून रॅकेट निघाली तसं त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी सुईत दोरा ओवत होते. मग त्याने खणातून एक पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली. पिशवीत चौकड्यांच्या लोकरी कापडाचं रॅकेटचं कव्हर. आत काळं अस्तर, वर चेन. डावी बाही होती ती, पण ज्याला ठाऊक नाही त्याला ओळखू आली नसती.

"अजून एक आहे," भिंगरी पिशवीत हात घालून म्हणाली.

"दुसरं तिला दे," मास्तर म्हणाला आणि बेकरीच्या जिन्याकडे हनुवटी केली. "आणि तिथेच बसून खा काय ती बिस्किटं. इथे दुकानात चुरा नको."

पोरगी दारापर्यंत गेली आणि परत आली. "बाबा, उद्या येणार ना?"

"नको. मी दुकानात बसतो."

"या तुम्ही. पण बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"टाळ्या नाहीत. पाय नाहीत."

"बरं." मग तो जरा घुटमळला. "आणि चेहरा? त्याचं काय करू?"

भिंगरीने विचार केला. "चेहऱ्याचं बघा तुम्हीच काहीतरी," ती म्हणाली आणि पळाली.

रविवारी आम्ही तिघं गॅलरीत. वहिनी मधे, सवयीने कानात कापूस घालून आलेली. खाली कोर्टवर एका बाजूला भिंगरी, दुसऱ्या बाजूला लांबी, आणि बाकावर शेजारी शेजारी दोन चौकड्यांची कव्हरं. मास्तरने खिशातून टाचण्यांची उशी काढली आणि एक एक टाचणी ओठांत धरायला सुरुवात केली. शेजारची बाई पर्स उचलून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.

पहिला पॉइंट लांबीने घेतला. भिंगरीची मान वर. वर बापाचा चेहरा, ओठ मिटलेले, टाचण्यांची टोकं चमकतायत, बाकी काही नाही. दुसरा पॉइंट भिंगरीने घेतला. मान वर. तोच चेहरा. चांगलं झालं की वाईट, कळायला मार्ग नाही. पोर दोन-चारदा अशी बघत राहिली. एकदा जाळीत मारलं तेव्हा मास्तरच्या मानेची शीर ताडकन उठली, त्याने कठडा घट्ट धरला, डोळ्यांत पाणी आलं. पण तोंड हलवायची सोय नव्हती. मी त्याच्याकडे बघत होते, त्यामुळे खाली नक्की केव्हा काय बदललं ते मला सांगता येणार नाही. मी पुन्हा खाली पाहिलं तेव्हा भिंगरी वर बघत नव्हती.

पॉइंट संपायचा, ती शटल उचलायची, पुढचा सुरू. पाय टणटण उडत होते. एकदा दोघी शटल इकडून तिकडे मारत राहिल्या, ते काही केल्या पडेना. लांबी मागे धावताना बुडावर आपटली आणि बसल्या बसल्या तिने शटल परत केलं. भिंगरीला हसू फुटलं. लांबीला तिच्याहून जास्त. शटल दोघींच्या मधे कुठेतरी टपकलं. पंच म्हणाले, "खेळ चालू ठेवा," पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. जी आधी हसेल ती हरली या जुन्या हिशेबाने दोघी हरल्या होत्या. खाली मॅडमनी मान वर केली आणि मास्तरकडे पाहून हात जोडले. मास्तर हलला नाही.

सामना लांबीने जिंकला. थोडक्यात, पण जिंकला. मला वाटलं, आता मान खाली जाणार, ही बापाला पाणी आणून देणार आणि 'पुढच्या वेळी जिंकते हं' म्हणणार. पण पोरगी लांबीच्या गळ्यात पडली, मग जिन्याने धडधडत वर आली आणि बापासमोर उभी राहिली. लालबुंद, केस चिकटलेले.

"बाबा, तो पाठीमागून मारलेला बघितलात? मला वाटलंच नव्हतं पोचेन म्हणून. आणि ती पडली तेव्हा? आणि तो शेवटून दुसरा, मी मुद्दाम हळू टाकला, तिला वाटलं जोरात येणार..."

मास्तरला उत्तर द्यायचं होतं. पण आधी टाचण्या काढायला हव्या होत्या. त्या घाईत काढता येत नाहीत. एक काढायची, उशीत खोचायची, दुसरी काढायची. तेवढ्यात भिंगरीने अख्खा सामना सांगितला, पहिल्या सर्व्हिसपासून, हातवारे करून. मध्ये कोणी थांबवायला नव्हतं, कोणी सुधारायला नव्हतं. मास्तर टाचण्या काढत काढत ऐकत होता. त्याच्या आयुष्यात त्याने एवढा वेळ कोणाचं ऐकल्याचं मला तरी आठवत नाही, आणि मी त्याच्याआधी जन्मले आहे.

शेवटची टाचणी उशीत गेली. वहिनीने कानातला कापूस काढला. मास्तरने ओठांवरून जीभ फिरवली आणि विचारलं, "मजा आली?"

"खूप," भिंगरी म्हणाली.

"मग झालं तर."

एवढंच. ती परत खाली पळाली, लांबी बिस्किटांचा पुडा फोडून थांबली होती. मास्तर कठड्याला टेकून दोघींकडे बघत राहिला आणि त्याने टेपच्या टोकाने डोळे पुसले. म्हणाला, टाचण्यांमुळे पाणी येतं.

जिना उतरताना तो माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "लांबीचा शेवटचा पॉइंट मात्र आऊट होता. चांगला दोन बोटं आऊट."

मी त्याच्या खिशातली उशी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने मुकाट्याने दोन टाचण्या उचलल्या आणि घरापर्यंत ओठांत धरून आला.